दुरुस्तीचं टेबल

"काकी, तुम्हीच सांगा ना, कुठले क्लब घेऊ?" परवा गुरुवारी दुपारी अल्फिया वर आली आणि सोफ्यावर मांडी ठोकून बसली. ही आमच्या खालच्या मजल्यावरच्या नफीसाभाभींची मुलगी. माणसं रत्नागिरीकडची, त्यामुळे आमच्या घरापेक्षा त्यांच्याच घरात मराठी जास्त बोललं जातं. यंदा ती युनिव्हर्सिटीत गेली, आमची सई होती त्याच. फोनवर क्लबांची ही लांबलचक यादी. नाटक, फोटोग्राफी, वादविवाद, पर्यावरण, लीडरशिप, उद्योजकता आणि काय काय. घ्यायचे दोनच, आणि रविवारी फॉर्म द्यायचा. "अब्बा म्हणाले, सईच्या आईला जाऊन विचार. सईदीदीकडे केवढी सर्टिफिकेटं आहेत!"

मी "सरबत करते हं" म्हणत स्वयंपाकघरात सटकले. एरवी सल्ला द्यायला मी मागेपुढे पाहणारी बाई नाही. इथे ओमानात, आमच्या अल हैल वस्तीतल्या निम्म्या बायकांना मी न विचारता सल्ले दिलेत, आणि उरलेल्या निम्म्या मला टाळतात त्या त्यामुळेच. पण हा एक प्रश्न मला नको होता. लिंबं पिळत उभी राहिले, चार माणसांना पुरतील एवढी पिळली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दाराआड सई होती आणि तिला सगळं ऐकू जात होतं.

सप्टेंबर आला की इथे समुद्रावरून दमट हवा सुटते. ऊन जरा नरमतं, पण काचा बाहेरून घामेजतात आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. शेवटचे ताजे खजूर फ्रीजमध्ये मऊ पडून चिकट झालेले असतात. बाल्कनीत एसीचं पाणी टपटपत असतं, ते बादलीत धरून मी कढीपत्त्याला घालते. लोक म्हणतात, चला, उन्हाळा सरला. आमच्या घरात मात्र हा महिना दुसऱ्याच कारणाने ओळखला जातो. आमचे हे एसीवाले. गाला नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका कंपनीत सव्वीस वर्षं झाली यांना. हे म्हणतात, "मशीन मे महिन्यात कुरकुरतं, पण मरतं सप्टेंबरात. अख्खा उन्हाळा रेटलेलं असतं ना." त्या महिन्यात यांच्या फोनला उसंत नसायची. तिकडून कुणीतरी "यल्ला, यल्ला", म्हणजे चल-चल, करत घाई करायचा, इकडून हे "इन्शाल्ला, इन्शाल्ला" करत बूट चढवायचे. घरी यायचे तेव्हा शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग वाळलेले असायचे. मी ते शर्ट रात्रभर भिजत घालायचे.

सई लहानपणी बाहुल्यांच्या वाटेला गेली नाही. यांची हत्यारांची लाल पत्र्याची पेटी हाच तिचा खेळ. मिक्सर बिघडला की मी कपाळाला हात लावायचे आणि पोर आनंदाने नाचायची. शाळेत सगळं इंग्रजी, घरी तोडकंमोडकं मराठी, आणि मुळात बोलणंच कमी. पण मशीनचा आवाज तिला कळायचा. सातवीत असेल, जेवता जेवता घास हातात धरून म्हणाली, "बाबा, बाजूवाल्यांचा एसी ऐका. कपॅसिटर गेला." मशीन सुरू होताना त्याला धक्का देणारा तो एक छोटा डबा असतो. तो गेला की मशीन नुसतं हूंऽऽ करत राहतं, फिरत नाही. हे उठून बाल्कनीत गेले, कान देऊन ऐकलं, आणि परत येऊन माझ्याकडे बघून असे हसले की आमच्या लग्नातसुद्धा हसले नसतील. "तुझ्यावर गेली नाही हो," मला म्हणाले. मी म्हटलं, बरंच झालं.

यांच्यासारख्या हुशार माणसाला नाट लागला तो एका कागदामुळे. वाडीत पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झालेले हे पहिले. सासऱ्यांना कोण कौतुक! त्यांनी तो डिप्लोमा रत्नागिरीला नेऊन लॅमिनेट करून आणला. पावसात भिजायला नको, वाळवी लागायला नको. पुढे आखातातली नोकरी लागली तेव्हा कळलं की कागदामागे शिक्के मारून आणावे लागतात, एकावर एक, या ऑफिसचा, त्या ऑफिसचा, मग वकिलातीचा. त्याला अटेस्टेशन म्हणतात. आणि प्लॅस्टिकवर शिक्का उठत नाही. खिडकीतल्या माणसाने तो कागद उलटसुलट करून परत सरकवला. "लॅमिनेट कशाला केलंत?" घरी येऊन ब्लेडने प्लॅस्टिक सोलायला गेले तर सही त्या प्लॅस्टिकबरोबरच निघून आली. मग दुसरी प्रत काढायची ठरली. ती पुढच्या सुट्टीत, मग त्याच्या पुढच्या सुट्टीत. सुट्टी म्हणजे कुणाचं लग्न, कुणाचं बारावं, घराची कौलं. ती प्रत काही आली नाही. इथल्या रहिवासी कार्डावर हुद्दा लागला "एसी मेकॅनिक", तो आजतागायत तोच. यांनी ज्यांना स्पॅनर धरायला शिकवलं ते सुपरवायझर झाले. बारा जणांची गँग हे चालवतात, पण कार्डावर मेकॅनिक.

म्हणून आमच्या घरात निळी फाइल आली. पारदर्शक पाकिटांची. बालवाडीतल्या लिंबू-चमच्याच्या शर्यतीपासून सईचा प्रत्येक कागद तिच्यात. एकही लॅमिनेट केलेला नाही, असं हे पाहुण्यांना आवर्जून सांगायचे. पाहुणे बिचारे चहा संपेपर्यंत पानं उलटायचे.

आणि मग सईचा युनिव्हर्सिटीतला तो पहिला सप्टेंबर. पहिल्या दिवशी आईवडिलांनाही बोलावलं होतं. यांना कुठली सुट्टी, सप्टेंबर तो. मी गेले. लांबच लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना क्लबांची टेबलं, फुगे, वेलदोड्याचा वास मारणारा कहवा, पांढऱ्या पायघोळ दिशदाशातली मुलं हाका मारतायत, कुठे ढोल वाजतोय. थंडी तर अशी सोडलेली की मी ओढणी कानावरून घेतली. सई माझ्या मागे मागे, कॉलेजात आलेली मुलगी पण अंगणवाडीत सोडायला आणल्यासारखी. नाटकवाल्यांनी कागद दिला, तिने घेतला. वादविवादवाल्यांनी काही विचारलं, तिने मान हलवली. मनात म्हटलं, ही चार वर्षं कुणाशी बोलणार?

कॉरिडॉरच्या अगदी टोकाला, जिन्याच्या दाराशी एक टेबल होतं. त्याला फुगे नव्हते. वर एक उघडलेला रेडिओ, दोन इस्त्र्या, टेबलफॅनचं धूड, आणि पुठ्ठ्यावर मार्करने अरबीत आणि इंग्रजीत लिहिलेलं, दुरुस्ती क्लब. मागे एक ओमानी मुलगी, रहमा तिचं नाव. अबायाच्या अस्तन्या तिने कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी वर अडकवल्या होत्या. इंग्रजीत म्हणाली, "सकाळपासून हा पंखा माझ्याशी भांडतोय." सई थांबली. तिने काही न विचारता पात्याला हात लावला, फिरवून पाहिलं, नाक जवळ नेऊन वास घेतला. "बुशिंग सुकलंय, तेलच नाही," म्हणाली. रहमाने स्क्रू ड्रायव्हर पुढे केला, एका शब्दाने काही न विचारता. कोण, कुठली, कुठल्या वर्गातली, काही नाही.

दहा मिनिटं लागली असतील. मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. पंखा सुरू झाला आणि रहमाच्या डोक्यावरचा रुमाल उडाला, ती किंचाळून हसली, टेबलावर थाप मारून म्हणाली, "इतके दिवस होतीस कुठे तू?" आणि माझी सई हसली. मोठ्याने, दात दाखवून, हाताला तेल लागलेलं ते तसंच गालाला पुसत. माझ्या मुलीचं तसं हसणं मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर फॉर्म टेबलावर आला. तेव्हा कागदाचाच होता. सईने सांगितलं तसे हे तडकले. "अगं, चार वर्षं शिकायला घातलंय ते पंखे उघडायला? स्क्रू ड्रायव्हर मी धरला तेवढा पुरे नाही का या घराला?" मग जरा वेळाने हेच म्हणाले, "कुठल्या टाइपचा होता पंखा?" सईने सांगितलं. "तेल कुठलं घातलंस?" तेही सांगितलं. "छे, ते पातळ. महिन्यात परत सुकेल." मग बापलेक जे सुरू झाले ते थांबेनात. चहा गार झाला. सई इंग्रजीत, हे मराठी-हिंदी मिसळून, हातांनी हवेत मोटर काढून दाखवत. शेवटी हे माझ्याकडे वळले आणि जरा ओशाळून म्हणाले, "काय गं, भरू दे का तिला? पोर खुश दिसते."

इथे मला माझी जीभ हासडावीशी वाटते. मी ओट्याशी उद्याच्या पोळ्यांची कणीक मळत होते. मानही न वळवता म्हटलं, "सर्टिफिकेट देतात का ते विचारा आधी."

खरं सांगायचं तर तो प्रश्न माझा नव्हताच, या घरात तो भिंतींनाही पाठ होता. पण त्या रात्री यांना त्याचा विसर पडला होता आणि आठवण मी करून दिली. का? तर हळदीकुंकवाला बायका विचारतात, मिस्टर काय करतात? आणि मी दरवेळी "एसीच्या लाइनमध्ये आहेत" म्हणून विषय बदलते. मुलीचं कुणी विचारलं तर विषय बदलायला लागू नये, एवढंच मला हवं होतं. मुलीच्या बऱ्यासाठी वगैरे मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलंय. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

सई म्हणाली, "नाही देत. ते... ते नुसतं दुरुस्त करतात." आपण काहीतरी कबूल करतोय अशा आवाजात म्हणाली. यांनी पेन उचलून तिच्या हातात दिलं. लीडरशिप आणि उद्योजकता. यांनी सांगितलं आणि तिने आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं. हट्ट नाही, रडणं नाही, दार आपटणं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

लीडरशिप क्लबात तिने काय केलं सांगू? दारात उभी राहिली. चार वर्षं कार्यक्रम झाले, पाहुणे आले, आणि माझी मुलगी गळ्यात ओळखपत्र घालून खजुराचा आणि कहव्याचा ट्रे घेऊन दारात उभी. प्रत्येक वेळी एक गुळगुळीत सर्टिफिकेट, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, "आयोजन समिती सदस्य". घरी आलं की हे ते दोन्ही हातांत धरायचे आणि फाइलीतल्या पाकिटात सरकवायचे. उद्योजकतेत तिने कुणाच्या तरी कल्पनेसाठी स्लाइड बनवल्या. रहमाचे दोनतीन फोन आले सुरुवातीला. "आज एक वॉशिंग मशीन आलंय, ये ना." सई म्हणायची, "आज मीटिंग आहे." मग फोन थांबले. फाइल जाड होत गेली आणि घरातला मिक्सर बिघडला की दुकानात जाऊ लागला. लाल पेटी पलंगाखाली गेली. कधी गेली ते माझ्याही लक्षात आलं नाही. मुलीलाच लॅमिनेट केलं आम्ही. भिजायला नको, वाळवी लागायला नको.

पदवी मिळून वर्ष उलटलं. तिच्या शिक्षणाला साजेशा बहुतेक नोकऱ्या इथल्या मुलांसाठी राखीव आहेत, आणि का नसाव्यात? देश त्यांचा, पोरं त्यांची. कुणास ठाऊक, रहमासुद्धा अजून अर्ज करत बसली असेल. यांचं काँट्रॅक्ट डिसेंबरात संपतं, पत्र आलंय. सव्वीस वर्षं, खलास. मग गावी. गावी जाऊन ही काय करणार, हा प्रश्न आम्ही दोघं एकमेकांना विचारत नाही. मी डब्यांवर नावं लिहीत बसते, कुठला न्यायचा, कुठला वाटायचा.

मागच्या महिन्यात पुण्याच्या एका कंपनीने व्हिडिओवर मुलाखत घेतली. मी स्वयंपाकघरात कुकरखालचा गॅस बंद केला, शिट्टी व्हायला नको म्हणून. पलीकडच्या बाई चांगल्या होत्या, आवाजावरून कळतं. इंग्रजीत म्हणाल्या, "क्लबांत केवढे कार्यक्रम केलेस! यातलं तुला सगळ्यात जास्त काय आवडायचं?" सोपा प्रश्न. मला वाटलं, फाइलीतला एखादा कार्यक्रम सांगेल, वेळ मारून नेईल. सई गप्प. इतका वेळ गप्प की बाई म्हणाल्या, "आवाज येतोय ना?" मग सई हळू म्हणाली, "आवडलेला क्लब मी घेतला नव्हता." बाईंनी छान थँक यू म्हटलं. पुढे काही आलं नाही. मी गॅस परत पेटवला, भात अर्धाकच्चा राहिला होता.

तर परवा अल्फियाला सरबत दिलं आणि तिच्याजवळ सरकून बसले. आतल्या दाराकडे बघत आवाज खाली केला. "हे बघ, शेवटी एक टेबल असतं. दुरुस्ती क्लबाचं. फुगेबिगे नसतात. तिथे जाऊन उभी तर राहा." तिने यादी वरखाली केली. "तो नाहीये काकी. सीनियर मुली सांगत होत्या, पूर्वी होता म्हणे. मेंबरच नव्हते, म्हणून बंद झाला." तिने ग्लास संपवला. "अब्बा लीडरशिपच म्हणतायत. सईदीदीला पण तोच होता ना? सर्टिफिकेट देतात ना त्याचं?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? दाराआड खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि थांबला.

काल शुक्रवार. हे घरी. जेवण उरकून हॉलमध्ये लवंडलो तर वारा गरम यायला लागला. हे उठले, बाल्कनीचं दार उघडून बाहेरच्या मशीनपाशी उभे राहिले, मान तिरकी करून. पण काय आहे, सव्वीस वर्षं कंप्रेसरच्या घरघरीत काढली, यांच्या कानांनी आता दगा दिलाय. बोललेलं ऐकू येतं, असले बारीक आवाज येत नाहीत. "मोटर गेली वाटतं," हे म्हणाले, अंदाजाने.

"कपॅसिटर," आतून आवाज आला.

एकच शब्द. पण यांचा चेहरा काय उजळला! पलंगाखाली वाकून लाल पेटी ओढून काढली, लुंगीच्या टोकाने धूळ पुसली. आत नवा कपॅसिटरही निघाला, कागदात गुंडाळलेला. स्टूल मांडलं. "सई, ये गं. तूच बसव. माझे हात थरथरतात हल्ली." सई बाहेर आली. यांनी स्क्रू ड्रायव्हर पुढे केला, मूठ तिच्याकडे करून, अगदी रहमाने केला होता तसा. तिने तो घेतला. अंगठ्याने टोक चाचपलं. खोटं कशाला बोलू, माझा गणपतीला नारळसुद्धा बोलून झाला होता.

"बाबा," ती म्हणाली, "याचं काही सर्टिफिकेट मिळणार आहे का?"

टोमणा असता तर मी सुखावले असते. टोमणा मारायला माणसात धग लागते. तिने खरंच विचारलं होतं, बसचं तिकीट कुठे मिळतं विचारावं तसं. यांनी कपॅसिटरवरचा कागद उलगडला आणि परत गुंडाळला. मग तिने स्क्रू ड्रायव्हर पेटीत होता तिथे ठेवला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

यांनी फोन लावला. आपल्याच कंपनीला, आपल्याच घरासाठी. "एक माणूस पाठव," म्हणाले. सप्टेंबर, माणसं कुठली मोकळी? उद्या संध्याकाळी, इन्शाल्ला, असं उत्तर आलं. हे स्टुलावरच बसून राहिले, पेटी मांडीवर घेऊन. मी खिडक्या उघडल्या, दमट गरम हवा आत आली.

मशीन बंद करायचं राहून गेलं होतं. बाल्कनीत ते तसंच हूंऽऽ करत होतं, फिरत नव्हतं. यांना ते ऐकू येत नव्हतं. मला येत होतं, आणि दाराआड तिलाही.